लाँड्रीवाल्यांचा अबोला

चला, डोळे मिटा. नको, थांबा! डोळे मिटलेत तर वाचणार कसं? उघडेच ठेवा, पण मनातल्या मनात माझ्याबरोबर या.

कल्पना करा, आपण एका रुंद खोलीच्या दारात उभे आहोत. आतून गरम, ओलसर हवा तोंडावर येते आहे. साबणाचा वास, खळीचा वास आणि इस्त्रीखाली जरा जास्तच तापलेल्या सुताचा वास. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चादरी अशा लटकल्या आहेत, की खोलीचं दुसरं टोक दिसतच नाही. तुमच्यापैकी जे बुटके असतील त्यांना चादरींच्या खालून पाय तेवढे दिसतील. दोन पाय मोठे, जाड तळव्याच्या चपला घातलेले. दोन त्याहून लहान, मोज्यांतले. ते पाय एकमेकांकडे चालत येतात, थांबतात, मागे सरकतात, पुन्हा जवळ येतात. नाच चालला आहे का? छे! चादरीची घडी चालली आहे.

रुमालाची घडी कोणालाही एकट्याने घालता येते. पण पलंगाची मोठी चादर घेऊन एकदा एकट्याने प्रयत्न करून बघा. एक टोक हातात येतं तोवर दुसरं जमिनीला लागतं, आणि धुतलेलं पुन्हा धुवायला टाकावं लागतं. म्हणून या लाँड्रीत चादरींच्या घड्या दोघं मिळून घालत. लाँड्रीवाला आणि लाँड्रीवाली. नवरा-बायको. त्यांच्या हातची चादर अशी परीटघडीची असे, की पाहुणा तिच्यावर झोपायला बिचकत असे.

त्यांना एक मुलगी होती, तिसरीत शिकणारी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरी सगळे तिला रेडिओ म्हणत. एकतर ती सकाळी उठल्यापासून चालू असे. दुसरं म्हणजे तिच्या पोटात काही राहत नसे. शेजारणीने आईजवळ हळूच सांगितलेलं रेडिओ दुपारी शाळेत सांगे आणि शाळेतलं संध्याकाळी जिन्यात.

लाँड्री खाली आणि घर वर. वरच्या घरात एक रीत होती. जेवायला बसलं, की आई आणि बाबा टेबलावर एकमेकांचे हात धरत, डोळे मिटत आणि प्रार्थनेत एकमेकांबद्दल देवाचे आभार मानत. लग्न झालं त्या आठवड्यापासून हे चालू होतं. त्यात एकच नियम होता, की देवाला ढोबळ काही सांगायचं नाही. "माझी बायको चांगली आहे" असं म्हटलेलं चालत नसे. काय केलं, आज केलं, तेच सांगायचं.

"प्रभू," बाबा म्हणत, "आज माझं बोट भाजलं तेव्हा ही हातातलं काम टाकून धावत आली. तुझे आभार."

"प्रभू," आई म्हणे, "आज ह्यांनी माझ्या वाटणीचे मोजे जोडून ठेवले. दोन जोड्या चुकल्या आहेत, तरी तुझे आभार."

मग सगळे मिळून "आमेन" म्हणत आणि रेडिओचा आमेन सगळ्यांत मोठा असे.

आता या गोष्टीत मावशी येते. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती दाताच्या दवाखान्यात काम करायची आणि लोकांना "आ करा, घाबरू नका, काही दुखणार नाही" असं सांगायची. पण स्वतः मात्र एका गोष्टीला फार घाबरायची. लग्नाला! एक भला माणूस तिच्यावर जीव टाकत होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून रेडिओ त्याला चष्मेवाले काका म्हणायची. मावशीने किती तरी दिवस त्याला हो म्हटलं नाही आणि म्हटलं तेव्हाही तिचा चेहरा दात काढायला आलेल्या माणसासारखा झाला होता.

त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांची, म्हणजे धर्मगुरूंची, एक पद्धत होती. लग्न ठरलेल्या जोडप्याला ते आपल्यासमोर बसवून उपदेश करत नसत. ते त्यांना कोणा संसार मुरलेल्या जोडप्याकडे दर शनिवारी संध्याकाळी जेवायला पाठवत.

"माझ्याकडून ऐकाल ते दारापर्यंत टिकेल," ते म्हणत. "देवाला घरात घेऊन संसार कसा करतात, ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसल्याशिवाय कळत नाही. काही विचारू नका, काही लिहून घेऊ नका. जेवा आणि बघा."

मावशीसाठी त्यांनी तिच्या ताईचंच घर निवडलं. मावशी आणि चष्मेवाले काका दर शनिवारी येत, जेवत, मोज्यांची प्रार्थना ऐकून हसत आणि घरी जात. हळूहळू मावशीच्या चेहऱ्यावरची भीती उतरायला लागली. "ताई," ती एकदा म्हणाली, "बाकी मला कशाची खात्री नाही. पण या टेबलाशी बसलं, की वाटतं जमेल."

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार लग्नाचं 'जाहीर', म्हणजे घोषणा, वाचत. पाळकसाहेब सगळ्यांसमोर दोघांची नावं घेत आणि विचारत, या विवाहाला कोणाची हरकत आहे का? दोन वेळा वाचून झालं होतं. तिसरं, शेवटचं, उरलं होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात लाँड्रीत भांडण झालं.

झालं असं. मोठ्या दवाखान्याच्या मेट्रनबाई लाँड्रीच्या दारात आल्या. दवाखान्याचं सगळं धुणं द्यायचं होतं, पण पुढच्या महिन्यापासून गाडी दर रविवारी सकाळी येणार होती. बाबांनी उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं. आई तेव्हा वर होती. ती रविवारी सकाळी चर्चमध्ये लहान मुलांना गाणी शिकवायची आणि तिघंही मिळून उपासनेला जायचे. ती खाली आली तेव्हा शब्द देऊन झाला होता.

"मला विचारलंत?" आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? चांगलं काम आहे."

"चांगलंच आहे. मी विचारते, मला विचारलंत का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हे तुम्हीच ठरवलंत! माझ्या वतीने नाहीसुद्धा तुम्हीच म्हणून टाकलंत! वेदीपुढे उभं राहून काय शब्द दिला होता आपण? की सगळं दोघं मिळून. आता मेट्रनबाईंना दिलेला शब्द मोठा झाला का?"

बाबा चिडले. ते म्हणाले, की त्यांना घरात एक वाक्य बोलायचीही सोय उरली नाही. आई म्हणाली, "बोला की! मी नाही बोलत आता." आणि तिने अबोला धरला.

मुलांनो, घरात अबोला असला, की घर फार मोठं होतं. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चालायलाही वेळ लागतो. आणि रेडिओचं काम वाढलं.

"रेडिओ, तुझ्या बाबांना सांग, खळ संपली आहे."

बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर इस्त्री करत होते. "बाबा, खळ संपली आहे."

"तुझ्या आईला सांग, ऐकलं मी."

"आई, बाबांनी ऐकलं."

"त्यांना सांग, नशीब माझं! ह्यांना ऐकायला येतं म्हणायचं."

रेडिओने जरा विचार केला. "बाबा, आई म्हणते, तुमचे कान छान आहेत."

बाबांनी इस्त्री आपटली. आईने तोंड फिरवलं. ती हसली की रागावली, ते रेडिओला कळलं नाही.

चादरींच्या घड्या मात्र थांबवता येत नव्हत्या. दोघं टोकं धरून उभे राहत, जवळ येत, टोकं एकमेकांच्या हातात देत आणि मागे सरत. पण नजर कापडावर. पूर्वी घडी घालताना बाबा मुद्दाम टोक सोडायचे नाहीत, आईची बोटं पकडून ठेवायचे, मग ती "सोडा, वेडेपणा पुरे!" म्हणायची. आता दोघांचे हात बसमधल्या अनोळखी माणसांसारखे लागायचे. चुकून.

आणि प्रार्थना? ती त्यांनी सोडली नव्हती. देवाला दिलेला नेम होता. पण ती ऐकण्यासारखी होती.

"प्रभू," आई म्हणाली, "आज ह्यांनी कोणालाही शब्द देऊन टाकला नाही, निदान माझ्या कानावर आलेलं नाही. तुझे आभार."

"प्रभू," बाबा म्हणाले, "आज हिने सूपमध्ये मीठ घातलं, त्याबद्दल तुझे आभार. दोनदा घातलं, त्याबद्दलही."

रेडिओचा आमेन त्या दिवशी अगदी बारीक होता. आपलं नाव घेऊन लोक एकमेकांना टोमणे मारतात तेव्हा देवाला काय वाटत असेल, असा ती विचार करत होती.

शनिवार आला. दुपारीच आई रेडिओला म्हणाली, "हे बघ, आज मावशी यायची आहे. घरातलं काही बोलायचं नाही. तिचं लग्न तोंडावर आलंय. उगीच तिच्या मनात किडा नको."

थोड्या वेळाने बाबा रेडिओला चादरीआड घेऊन गेले. "आज तोंडाला कुलूप. मावशीसमोर सगळं नेहमीसारखं. कळलं?"

"पण नेहमीसारखं नाहीये ना?"

"आज संध्याकाळपुरतं आहे."

रेडिओने मान हलवली. तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत आई-बाबांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तेही एकमेकांना न विचारता.

संध्याकाळी पाहुणे आले. चष्मेवाल्या काकांनी मावशीने दिलेला पिवळाधमक शर्ट घातला होता. टेबलावर गरम सूप होतं, पाव होता, उकडलेले बटाटे होते. आणि आई हसत होती. बाबाही हसत होते. बाबांनी आईसाठी खुर्ची ओढली. आई म्हणाली, "अहो, तुम्ही बसा ना!" किती गोड! रेडिओ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. तिला शाळेतलं नाटक आठवलं, ज्यात ती झाड झाली होती.

हात धरले गेले. डोळे मिटले. बाबांनी घसा साफ केला.

"प्रभू," ते म्हणाले, "आज दुपारी मी दमलो होतो, तेव्हा हिने न सांगता मला प्रेमाने चहा आणून दिला. त्याबद्दल तुझे..."

"खोटं!"

सगळ्यांचे डोळे उघडले. रेडिओ खुर्चीवर उभी होती.

"बाबा, चहा मी दिला! आई तर तुमच्याशी बोलतसुद्धा नाही! मावशीला खोटं सांगा, पण देवाला का सांगता? त्याने बघितलंय ना चहा कोणी दिला ते!"

सूपची वाफ तेवढी वर जात होती. मावशीने आधी ताईकडे बघितलं, मग भाऊजींकडे. तिने मांडीवरचा रुमाल उचलून टेबलावर ठेवला.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "तूसुद्धा?"

"अगं, साधं भांडण आहे, तुला त्रास नको म्हणून..."

"भांडणाचं नाही गं. भांडतात सगळेच. पण हसू! आपल्या घरात काय व्हायचं, विसरलीस? पाहुणे आले, की आई-अण्णा हसू टेबलावर मांडायचे आणि पाहुणे गेले की कपाटात ठेवायचे. मग महिनामहिना अबोला. आपण दोघी पांघरुणात शिरून प्रार्थना करायचो, की रोज कोणीतरी पाहुणा येऊ दे." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं होतं, एक घर तरी खरं आहे. त्याच घराच्या भरवशावर मी लग्नाला उभी राहणार होते."

ती उठली. "मी पाळकसाहेबांकडे जाते. उद्याचं वाचू नका म्हणून सांगते."

तिची पावलं जिना उतरून लाँड्रीत गेली. चष्मेवाले काका अर्धे उठले, अर्धे बसले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. रेडिओला एवढंच कळलं, की तिने मावशीचं लग्न मोडलं. ती भोकाड पसरून रडायला लागली.

"रडू नकोस," काका म्हणाले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. "तू खरं तेच बोललीस. आम्ही मोठ्या माणसांनी बोलायचं ते तुझ्या तोंडून आलं, एवढंच."

आई तोवर जिन्यावर होती. तिच्या मागून बाबा. त्यांच्या मागून काका, आणि काकांच्या शर्टाचं टोक धरून रेडिओ.

खाली मावशी चादरींच्या मधे उभी होती. ओल्या चादरी दोऱ्यांवर होत्या, वाळलेल्यांचा ढीग टेबलावर पडला होता. दार दोन पावलांवर होतं, पण डोळ्यांतलं पाणी पुसल्याशिवाय तिला रस्त्यावर जायचं नव्हतं.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. "वाईट ते बघितलंस. आता पुढचंही बघ, आणि मग हवं तर जा."

मग ती वळली. "अहो, मला तुमच्याशी बोलायचंय."

रेडिओने हे बाबांना सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आई थेट बाबांशीच बोलली होती. तिने तोंड मिटून घेतलं.

बाबांनी टेबलावरच्या चादरीचं टोक उगीच हातात घेतलं. "तू बोलायच्या आधी मला बोलू दे," ते म्हणाले. "मी तुला विचारलं नाही ते विसरलो म्हणून नाही. मला भीती वाटली. तू नको म्हणशील, मग मला मेट्रनबाईंसमोर लहान व्हावं लागेल. म्हणून मी विचारलंच नाही, आणि वर तुझ्यावरच चिडलो. चुकलं माझं."

आईने चादरीचं दुसरं टोक उचललं. सवयीने. दोघं मागे सरकले, चादर ताणली गेली.

"आणि मी," आई म्हणाली, "भांडले ते ठीकच होतं. पण अबोला धरला. तो किती लागतो ते मला आणि हिला सगळ्यांत जास्त माहीत आहे." तिने मावशीकडे बघितलं. "लागतो हे माहीत होतं, म्हणूनच धरला. तुम्हाला लागावा म्हणून. मला माफ करा."

दोघं जवळ आले. टोकं हातात गेली.

"केव्हापासून म्हणायचं होतं हे," बाबा म्हणाले. "तू आधी बोलशील म्हणून थांबलो होतो."

"मी तुमच्यासाठी थांबले होते."

"वा! म्हणजे दोघं रांगेत उभे आणि तिकिटाच्या खिडकीपाशी कोणीच नाही."

आईला हसू आलं, पण डोळे भरले होते. "आधी कोणी, आधी कोणी! अहो, पहिली माफी प्रभूने केव्हाच करून टाकली आहे. तुमचीही, माझीही. आपण दोघंही मागचेच. मग पुढे कोण, यावर कशाला अडून बसायचं?"

चादर बाजूला ठेवून बाबांनी आईचे हात धरले. नुसती बोटांची टोकं नाही, पूर्ण हात. आणि तिथेच, ओल्या कपड्यांमधे, त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, वर बोललो ते खोटं होतं. चहा पोरीने दिला. मला हिचे आभार मानायला काही सापडत नव्हतं, कारण मी हिच्याकडे बघतच नव्हतो. आता सांगतो. एवढी रागावलेली असताना, माझ्याशी एक शब्द न बोलताही, हिने तिच्या हातातलं चादरीचं टोक कधी सोडलं नाही. तुझे आभार."

मग आई म्हणाली, "प्रभू, ह्यांनी चारचौघांत चूक कबूल केली. एकटे असताना करतील असंही मला वाटलं नव्हतं. तुझे आभार. आणि हा अबोला माझ्या माहेरून माझ्याबरोबर आलाय. तो माझ्यापाशी थांबव. माझ्या पोरीकडे जाऊ देऊ नकोस."

आमेन कोणी म्हटलं असेल? रेडिओला हुंदके येत होते, म्हणून तिला जमलं नाही. मावशीने म्हटलं. हळू, पण म्हटलं.

मग तिने नाक पुसलं आणि चष्मेवाल्या काकांकडे वळली. "आणि तू? तूही माझ्याशी गोड गोड बोलतोस ना? एक तरी खरं सांग. आत्ता. मला न आवडणारं."

काका घाबरले. त्यांनी चादरींकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. इथे कोण मदत करणार?

"हा शर्ट," काका शेवटी म्हणाले.

"काय शर्ट?"

"तू दिलेला. मानेला टोचतो. आणि रंग... दुकानात गिऱ्हाइकं चष्मा लावून बघतात आणि आधी मीच दिसतो."

"मग दर शनिवारी का घालतोस?"

"तू दिलास म्हणून."

मावशीने ओठ दाबून धरले, पण हसू काही थांबेना. ते नाकातून बाहेर पडलं. आई हसली, बाबा हसले, काका सगळ्यांत शेवटी हसले, कारण आपण वाचलो की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

"मला सांगायचं नाही का?" मावशी म्हणाली.

"भीती वाटली," काका म्हणाले. "भाऊजींसारखीच."

वर सूप गार झालं होतं. ते तसंच सगळ्यांनी संपवलं. जेवताना बाबा म्हणाले, "मेट्रनबाईंना सोमवारी गाडी चालेल का विचारतो. नाही म्हणाल्या तर?"

"तर परत येऊन मला विचारा," आई म्हणाली. "तेव्हा मी काय म्हणेन ते मलाही माहीत नाही. पण विचारा."

निघताना आईने मावशीचा हात धरला. "उद्याचं काय?"

मावशी म्हणाली, "मला सकाळपर्यंत वेळ दे, ताई. घाईत दिलेला शब्द काय करतो ते आत्ताच बघितलं." आणि ती काकांबरोबर निघून गेली. दोघं रस्त्यावर बराच वेळ बोलत उभे होते, हे रेडिओने खिडकीतून बघितलं. पण काय बोलत होते, ते काही तिला ऐकू आलं नाही. रेडिओसाठी याहून मोठी शिक्षा नव्हती.

रविवारी सकाळी आई गाण्याच्या मुलांना गोळा करत होती, बाबा बाकं पुसत होते. रेडिओ कुठे होती? ती चर्चच्या दारात उभी होती. केस नीट विंचरलेले, हात मागे बांधलेले. कालपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. न विचारल्याने एवढं सगळं झालं होतं. आज ती विचारणार होती.

पेटी वाजवणारे काका आले.

"काका, माझ्या मावशीच्या लग्नाला तुमची हरकत आहे का?"

"माझी? नाही बुवा. मला केक मिळाला की झालं."

शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांची हरकत नव्हती. जुळी मुलं आली, त्यांनी आधी हरकत म्हणजे काय ते विचारलं आणि मग नाही म्हटलं. एक म्हातारी आजी काठी टेकत आली. ती सगळ्यांवर करवादायची.

"आजी, तुमची हरकत आहे का?"

"आहे!" आजी म्हणाली. रेडिओने मागे बांधलेले हात सोडले. "तुझ्या बुटांना आहे. नाडी बांध, पडशील तोंडावर. लग्नाला मी कशाला नको म्हणू?"

पाळकसाहेब आले. त्यांनाही तिने विचारलं. "मी विचारणारा आहे गं," ते म्हणाले. "मला कोणी आजपर्यंत विचारलं नव्हतं. नाही, माझी हरकत नाही."

सगळे आत गेले. आतून आईच्या मुलांचं गाणं सुरू झालं. रस्ता रिकामा होता. रेडिओ दारातच उभी राहिली.

मग कोपऱ्यावरून मावशी आली. बरोबर चष्मेवाले काका. त्यांनी पांढरा, साधा शर्ट घातला होता आणि ते मान मोकळेपणाने हलवत होते. मावशीचे डोळे रात्री झोप न झाल्यासारखे लाल होते. रेडिओने आधी काकांना विचारलं. काकांनी इतक्या जोरात मान हलवली, की चष्मा खाली आला.

"मावशी," रेडिओ म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "तुझी हरकत आहे का?"

मावशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने रेडिओच्या बुटाची नाडी बांधली आणि गाठ पक्की आहे ना ते ओढून बघितलं.

"भीती आहे गं," ती म्हणाली. "ती तर आहेच. पण हरकत नाही. मला विचारलंस, बरं वाटलं."

तिघं आत गेले. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी कागद उघडून दोघांची नावं वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवून समोर बघितलं.

"हे शेवटचं जाहीर आहे," ते म्हणाले. "या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्यांनी आत्ताच सांगावं."

आईने रेडिओचा हात घट्ट धरला. बाबांनी दुसरा धरला. तरीही रेडिओ बाकावर चढली, सरळ उभी राहिली आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "कोणाचीच नाही! मी दारात सगळ्यांना विचारलंय."